आईचे म्हणणे केसपेपरवर लिहा : अमेरिकेतील मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत बालरोग, प्रसूती, कुटुंबवैद्यक आणि आपत्कालीन विभागांत काम करणारे मराठी डॉक्टर

स.न.वि.वि.

हे पत्र मी मिशिगनमधून लिहीत आहे. माझी वैद्यकीय पदवी नागपूरची, त्यापुढचे शिक्षण आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून केलेले सगळे काम इथले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय आहेत. आपल्यापैकी अनेकांची स्थिती कमीअधिक फरकाने हीच असणार, कारण परदेशांत शिकून आलेल्या डॉक्टरांना ज्या रुग्णालयांनी आधी दारे उघडली, त्यांतली पुष्कळशी डेट्रॉइट, शिकागो, बाल्टिमोर, नेवार्क अशा शहरांच्या जुन्या वस्त्यांतली होती, आणि तिथे काम करायला इथल्या गोऱ्या डॉक्टरांची फारशी तयारी नव्हती. आपल्या व्यवसायाची पायाभरणी या कुटुंबांच्या विश्वासावर झाली आहे. म्हणून त्यांच्या मुलांविषयी आपसांत स्पष्ट बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तशी जबाबदारीही आहे, असे मी मानते.

आपल्या बैठकांत, परिसंवादांत आणि जेवणाच्या टेबलावर एक प्रश्न हमखास निघतो. या मुलांचा आत्मविश्वास वाढावा, ती निरोगी राहावीत, यासाठी त्यांच्या पालकांना आपण काय सांगावे? प्रश्न सद्भावनेने विचारला जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही तो उलट्या टोकाकडून विचारलेला प्रश्न आहे. आजवर मी जे पाहिले आणि जे संशोधन वाचले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या मुलांचा आत्मविश्वास घडवण्याचे काम त्यांच्या घरांत पुष्कळ नेटाने चाललेले असते, आणि जो आत्मविश्वास खचतो तो बहुधा घराबाहेरच्या खोल्यांत खचतो. त्यांपैकी एक वर्गखोली असते. दुसरी तपासणीची खोली असते आणि तिथल्या खुर्चीवर आपण बसलेले असतो. त्यामुळे हे पत्र पालकांसाठी नाही.

बाहुल्यांचा प्रयोग आपण सर्वांनी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने रंगाखेरीज सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या लहान मुलांपुढे ठेवल्या आणि चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. पण या प्रयोगातून अनेकांनी जो निष्कर्ष मनात कायमचा करून ठेवला, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांना स्वतःविषयी कमीपणा वाटतो, तो पुढील संशोधनात टिकला नाही. २००० आणि २००२ साली शेकडो अभ्यास एकत्र करून झालेल्या दोन मोठ्या विश्लेषणांत, कृष्णवर्णीय मुले आणि तरुण स्वतःला जेवढे मोल देतात ते गोऱ्या समवयस्कांपेक्षा सरासरीने थोडे अधिकच असल्याचे आढळले. आणि मेमी क्लार्क यांनी प्रयोगानंतर काय केले, हे तर फारसे कोणी सांगतच नाही. १९४६ साली या दांपत्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात नॉर्थसाइड हे मुलांचे केंद्र सुरू केले. शाळांनी मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात बसवलेली मुले तिथे पुन्हा तपासली गेली, आणि त्यांतील अनेकांच्या बुद्धीत काहीही उणे नव्हते. दोष शिक्क्यात होता आणि त्यांनी काम शिक्क्यावर केले.

घरांत काय चालते ते आपल्या डोळ्यांसमोर असते, पण दहा मिनिटांच्या भेटीत आपण ते पाहतोच असे नाही. रविवारी दुपारी आई किंवा मावशी मुलीला दोन गुडघ्यांमध्ये बसवून, केसांचे भाग पाडून, तेल लावून बारीक वेण्या घालत असते. हे काम तासन्‌तास चालते, आणि त्या वेळात घरच्या गोष्टी, नातेवाइकांची हकिगत, शाळेतल्या तक्रारी असे सगळे बोलून होते. हेच केस शाळेत गुन्हा ठरू शकतात, हे त्या आईला माहीत असते. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा क्राऊन कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली प्रथम केला, मिशिगनने २०२३ साली. टेक्सासमध्येही तो २०२३ च्या सप्टेंबरात लागू झाला आणि त्याच शैक्षणिक वर्षात तिथल्या एका हायस्कूलने एका विद्यार्थ्याला लांब जटांमुळे महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवले. कायदा असताना हे घडले! वडिलांविषयी तर आपल्यातले सुशिक्षित लोकही ऐकीव गोष्टी बोलतात. रोगनियंत्रण केंद्राच्या २०१३ सालच्या अहवालानुसार, पाच वर्षांखालील मुलांसोबत राहणाऱ्या कृष्णवर्णीय वडिलांपैकी ७० टक्के वडील मुलांना रोज आंघोळ घालणे, कपडे चढवणे, डायपर बदलणे ही कामे करत होते; गोऱ्या वडिलांमध्ये हे प्रमाण ६० टक्के होते. आपल्या मराठी घरांतील आकडा कोणी काढलेला नाही, हे आपले नशीबच म्हणायचे.

शिवाय या घरांत एक जास्तीचे शिक्षण द्यावे लागते, जे आपल्या मुलांना द्यावे लागत नाही. पूर्वज कोण होते, त्यांनी काय सोसले आणि काय उभे केले, हे सांगायचे. मुलाला स्वतःच्या रूपाचा अभिमान वाटेल अशी पुस्तके, बाहुल्या, चित्रे शोधून आणायची. आणि तो दहा-बारा वर्षांचा झाला की पोलिसाने थांबवल्यास हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा, खिशात हात का घालायचा नाही, हे पाठ करून घ्यायचे. अभिमान आणि सावधगिरी या दोन गोष्टी एकाच मुलाला, एकीने दुसरी मारली जाणार नाही अशा बेताने शिकवणे किती अवघड आहे, याची कल्पना करून पाहावी. ही भीती अनाठायी नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या एका बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन असलेल्या तामीर राइस या बारा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी गोळी घातली. त्यानंतर बिनतारी संदेशात त्याचे वय ‘सुमारे वीस’ असे सांगितले गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, कृष्णवर्णीय मुलगा दहा वर्षांचा झाला की पाहणाऱ्यांना तो आहे त्यापेक्षा मोठा आणि कमी निष्पाप वाटू लागतो. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अहवालात मुलींबाबतही तेच आढळले, आणि तेही पाच वर्षांच्या वयापासून. या मुलींना मायेची, संरक्षणाची गरज कमी असते, असे मोठ्या माणसांना वाटते.

ही चूक वर्गात काय करते ते आकड्यांत दिसते. शिक्षण खात्याच्या २०१७-१८ च्या माहितीनुसार सरकारी बालवर्गांतील मुलांत कृष्णवर्णीय मुले १८.२ टक्के होती, पण बालवर्गातून तात्पुरते काढून टाकलेल्या मुलांत ती ४३.३ टक्के होती. तीन-चार वर्षांच्या मुलांना शाळेतून काढतात, ही गोष्टच आपल्या देशातील नातेवाइकांना समजावून सांगणे कठीण जाते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली बालवर्गाच्या शिक्षकांना एक चित्रफीत दाखवली आणि त्रासदायक वर्तन कुठे दिसते ते शोधण्यास सांगितले. फितीत तसे वर्तन नव्हतेच. शिक्षकांची नजर मात्र कृष्णवर्णीय मुलग्यावर अधिक वेळ खिळून राहिली.

अशा शाळेतून आलेली चिठ्ठी घेऊन आई आपल्यापुढे बसते आणि मुलाच्या वर्तनाला नाव द्यायचे काम आपल्याकडे येते. इथे आपली जबाबदारी सुरू होते. सारखीच लक्षणे असताना गोऱ्या मुलाला अवधान-न्यूनतेचे (एडीएचडी) निदान आणि कृष्णवर्णीय मुलाला वर्तनविकृतीचे निदान मिळण्याचा कल संशोधनात वारंवार दिसलेला आहे, आणि पहिल्या निदानामागून मदत येते तर दुसऱ्यामागून शिक्षा. स्वमग्नतेबाबत (ऑटिझम) २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी माझ्या हाताखालील प्रत्येक निवासी डॉक्टरला वाचायला देते. स्वमग्न असलेल्या ५८४ कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांना शंका प्रथम केव्हा आली आणि निदान केव्हा झाले, हे त्यात तपासले आहे. निदानाचे सरासरी वय साधारण साडेपाच वर्षांच्या घरात होते, आणि पालकांना शंका आल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ मध्ये गेला होता. भाषा घडण्याचा, मेंदू सर्वांत लवचीक असण्याचा तो काळ. या मुलांच्या आयांना काही कळत नव्हते, असे कोणी म्हणू शकेल काय? त्यांना कळले होते, त्या बोलल्या होत्या, आणि ते कुठेही लिहिले गेले नाही.

आता वेदनेविषयी लिहिते, कारण या बाबतीत आपल्यापैकी विदर्भात आणि खानदेशात शिकलेल्यांना काही खास ठाऊक आहे. सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, रुग्ण अमेरिकेतल्या अनेक डॉक्टरांनी प्रशिक्षणाच्या काळात क्वचितच पाहिलेला असतो. आपण गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबारकडून आलेली मुले वॉर्डात पाहिली आहेत. हातापायांची सुजलेली बोटे, पिवळे डोळे, फुगलेली प्लीहा आणि ‘हाडे दुखतात’ एवढेच सांगू शकणारे मूल आपल्याला आठवते. त्या आदिवासी आणि दलित आईबापांचे म्हणणे ओपीडीतल्या गर्दीत कसे उडवून लावले जाई, हेही आठवत असेल. अमेरिकेत सुमारे ३६५ कृष्णवर्णीय जन्मांमागे एका बालकाला हा आजार असतो. तो रोखण्याचे, सुसह्य करण्याचे उपाय ज्ञात आहेत. लहानपणी पेनिसिलिन दिल्याने जीवघेणे जंतुसंसर्ग मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९८६ साली सिद्ध झाले. पक्षाघाताचा धोका असलेली मुले डोक्याच्या डॉप्लर तपासणीने ओळखून रक्त देत राहिल्यास पक्षाघात सुमारे ९० टक्के टळतो, हे १९९८ साली सिद्ध झाले. तरीही २०१९ साली ही वार्षिक तपासणी पात्र मुलांपैकी निम्म्यांचीसुद्धा झालेली नव्हती. आणि दुखण्याचा झटका येऊन मूल आपत्कालीन विभागात आले, तर तासाभरात वेदनाशामकाची पहिली मात्रा द्यावी, असे मार्गदर्शक सूत्र सांगते. प्रत्यक्षात ते मूल फोनवर काही पाहून हसताना दिसले की ‘याला काही होत नाही’ असा शेरा पडतो. ज्याला हा आजार जन्मापासून आहे तो मुलगा वेदनेतून लक्ष काढून घ्यायला शिकलेला असतो. ते त्याचे कौशल्य असते, आणि आपण ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरतो.

सिकलसेल बाजूला ठेवला तरी चित्र बदलत नाही. वॉशिंग्टनमधील भारतीय वंशाच्या बालआपत्कालीन तज्ज्ञ मोनिका गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की, ॲपेंडिक्सला सूज असलेल्या आणि तीव्र वेदना नोंदवलेल्या मुलांमध्येही कृष्णवर्णीय मुलांना अफूवर्गीय वेदनाशामक मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ कमी होती. व्हर्जिनिया विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांनी, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यांसारख्या खुळचट समजुतींपैकी निदान एक तरी खरी मानली होती. त्या अभ्यासात आपण नव्हतो, या आधारावर सुटका करून घेऊ नये. आपण शिकलो त्याच वॉर्डांत, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली.

त्वचेविषयीच आणखी एक गोष्ट. बाळाच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतः दिसणारे निळसर-करडे डाग आपल्या घरातल्या आजीलाही माहीत असतात, कारण मराठी बाळांनाही ते असतात. अनोळखी नजरेला ते मार लागल्याचे वळ वाटतात. आपण ते पहिल्याच भेटीत जागा आणि आकारासह नोंदवून, छायाचित्र काढून ठेवले, तर पुढे एखाद्या पाळणाघरातून बालसंरक्षण विभागाला फोन जाणार नाही, किंवा गेलाच तर आपली नोंद त्या आईच्या पाठीशी उभी राहील. हा फोन किरकोळ बाब नाही. अमेरिकेतील ५३ टक्के कृष्णवर्णीय मुलांच्या कुटुंबांची अठराव्या वर्षापर्यंत केव्हा ना केव्हा अशी चौकशी होते, असा २०१७ सालचा अंदाज आहे. सर्व मुलांसाठी हा आकडा ३७ टक्के आहे. फिलाडेल्फियातील एका अभ्यासात, हाड मोडून आलेल्या लहान मुलांपैकी अल्पसंख्य कुटुंबांतील मुलांची मारहाणीच्या संशयावरून तपासणी आणि तक्रार अधिक वेळा झाली होती. खरोखर मार खाणाऱ्या मुलाला वाचवण्याचे कर्तव्य मी नाकारत नाही, ते कायद्याने आणि विवेकाने आपल्यावर आहे. पण हीच जखम आपल्या मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबातील मुलाला असती तर आपण फोन उचलला असता का, हा प्रश्न फोन उचलण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

मुलाचे आरोग्य आईच्या गर्भारपणापासून सुरू होते, हे प्रसूतितज्ज्ञ सहकाऱ्यांना मी सांगायला नको. २०२३ साली अमेरिकेत दर लाख जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, तर गोऱ्या मातांचे प्रमाण १४.५ होते. हे दारिद्र्यामुळे किंवा अज्ञानामुळे होते, असे मानून पुढे जाण्याची सोय नाही, कारण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांचा गर्भारपणाशी संबंधित मृत्युदर शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. शॅलन अर्व्हिंग या रोगनियंत्रण केंद्रात साथरोगशास्त्रज्ञ होत्या आणि आरोग्यातील विषमता हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. २०१७ च्या जानेवारीत बाळंतपणानंतर रक्तदाब, सूज आणि अस्वस्थता यांची तक्रार घेऊन त्या पुन्हापुन्हा डॉक्टरांकडे गेल्या, घरी पाठवल्या गेल्या आणि बाळ तीन आठवड्यांचे असताना वारल्या. ज्यांना आकडे तोंडपाठ होते, त्यांचेही म्हणणे पोहोचले नाही.

काही जण ‘जनुकीय असेल’ असे म्हणून मोकळे होतात. त्यांनी इलिनॉयमधील १९९७ सालचे संशोधन पाहावे. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांपेक्षा गोऱ्या स्त्रियांच्या बाळांना अधिक जवळचे होते. आणि पुढच्या अभ्यासात दिसले की, त्या स्थलांतरितांच्या इथे वाढलेल्या मुलींना बाळे झाली तेव्हा तो लाभ ओसरला होता. म्हणजे रक्त तेच राहिले, बदलला तो देश. याची दुसरी बाजू उमेद देणारी आहे. १९६६ साली मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना सुरू झाली आणि वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयांना तिचे पैसे मिळणार नाहीत अशी अट आली, तेव्हा काही महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांनी आपले दार सर्वांना उघडले आणि त्यानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडील ग्रामीण भागांत कृष्णवर्णीय अर्भकांचे मृत्यू झपाट्याने घटले. पालकत्वाचे धडे त्या आयांना कोणी दिले नव्हते. ज्या १९६५ सालच्या स्थलांतर कायद्यामुळे आपल्याला या देशाची दारे उघडली, तोही याच नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेत संमत झाला, ही आठवण ठेवलेली बरी.

माझ्या राज्यातील फ्लिंट शहराचे उदाहरण आपल्याला विशेष लागू पडते. २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथे नदीचे पाणी पुरवण्यास सुरुवात झाली, गंज रोखणारे रसायन त्यात घातले गेले नाही आणि जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले. शहरातील निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय. पाणी तपकिरी येते, मुलांच्या अंगावर पुरळ उठते, असे आया सांगत होत्या, बाटल्या भरून सभांना नेत होत्या, आणि पाणी सुरक्षित असल्याचे उत्तर त्यांना मिळत होते. इराकी स्थलांतरित कुटुंबातून आलेल्या बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी आपल्या रुग्णालयातील रक्ततपासण्यांचे अहवाल काढून पाहिले. पाच वर्षांखालील ज्या मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले होते, त्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. २०१५ च्या सप्टेंबरात त्यांनी हे जाहीर केले. अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच खोटे पाडण्याचा प्रयत्न केला आणि पुढच्याच महिन्यात पाणी बदलावे लागले. त्या तिथेच थांबल्या नाहीत. २०२४ च्या जानेवारीपासून फ्लिंटमधील प्रत्येक गर्भवतीला उत्पन्नाची कोणतीही अट न घालता १,५०० डॉलर आणि बाळाच्या पहिल्या वर्षात दरमहा ५०० डॉलर देणारा कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला, आणि तो आता राज्यातील इतर ठिकाणीही पोहोचला आहे. परदेशी नावाच्या, परदेशी चेहऱ्याच्या डॉक्टरने काय करता येते, याचा याहून जवळचा दाखला मला माहीत नाही.

मग आपण काय करावे? मोठमोठ्या ठरावांवर माझा फारसा विश्वास नाही, केसपेपरवर आहे. आईने किंवा वडिलांनी काय पाहिले आणि कधीपासून पाहिले, हे त्यांच्याच शब्दांत तारखेसह लिहावे, आणि त्यावर आपण काही केले नाही तर का केले नाही, तेही लिहावे. लिहिलेले नाकारणे पुढच्या डॉक्टरला जड जाते. मुलाच्या मूल्यमापनासाठी शाळेला आपल्या सहीचे पत्र द्यावे, कारण पालकाने तोंडी केलेली विनंती महिनोन्‌महिने पडून राहते आणि डॉक्टरच्या पत्राला उत्तर मिळते. वंश पाहून धोका ठरवणारी जुनी सूत्रे आपल्या विभागात अजून वापरात आहेत का, हे तपासावे. मूत्रमार्गाच्या संसर्गाचे असे सूत्र अमेरिकन बालरोग अकादमीने २०२१ साली मागे घेतले, तरी भिंतीवरचे जुने तक्ते काढायला वेळ लागतो. ऑक्सिजन मोजणारे बोटावरचे यंत्र गडद त्वचेवर खऱ्या प्रमाणापेक्षा अधिक आकडा दाखवू शकते, म्हणून धाप लागलेल्या मुलाच्या आकड्यापेक्षा त्याच्या बरगड्यांकडे पाहावे. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईचा रक्तदाब विचारावा. बाळंतपणानंतर वर्षभर मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, संरक्षण आता बहुतेक राज्यांत मिळते आणि काही राज्यांत डूलाचा, म्हणजे प्रसूतीकाळात सोबत राहणाऱ्या प्रशिक्षित बाईचा खर्चही मिळतो, हे सांगणारे तिला दुसरे कोणी भेटेलच असे नाही. आणि मुलांच्या मनाविषयी विचारताना लहान वय पाहून प्रश्न गाळू नये. पाच ते बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले आहे. घरून मिळालेला अभिमान पुष्कळ काही पेलतो. सगळेच त्याने पेलावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

आपल्या घरांविषयी थोडेच लिहिते. बाळाला पाहायला आलेली मावशी ‘रंग जरा दबलाच’ म्हणते, घर घेताना ‘तो भाग आपल्यासारख्यांचा नाही’ असे सांगितले जाते, आणि हे सगळे ऐकणारा आपला मुलगा सोमवारी वर्गात कृष्णवर्णीय मुलाशेजारी बसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. हा संदर्भ आपल्या मंडळांच्या व्यासपीठांवर टाळ्या घेतो. टाळ्यांनंतर घरी जाताना गाडीत काय बोलले जाते, ते मुले ऐकत असतात.

माझी आपणांस एक ठोस विनंती आहे. आपल्या मराठी आणि भारतीय वैद्यकीय संमेलनांत पुढच्या वेळी या विषयावर सत्र ठेवावे, आणि त्यात बोलायला आपल्यापैकी कोणी उभे राहू नये. सिकलसेल असलेल्या मुलाची आई, स्वमग्नतेच्या निदानासाठी तीन वर्षे हेलपाटे घातलेले वडील, आपल्याच शहरातील कृष्णवर्णीय डूला आणि शाळेतील परिचारिका यांना बोलवावे. इतर वक्त्यांना देतो तेवढेच मानधन आणि प्रवासखर्च त्यांना द्यावा. ‘समाजसेवा’ म्हणून फुकट बोलावू नये. त्यांनी सांगितलेले कोणी तरी लिहून घ्यावे आणि सहा महिन्यांनी, आपापल्या दवाखान्यात त्यातले काय बदलले याचा हिशेब त्यांच्याकडे पाठवावा. मिशिगनमधील सत्राची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. इतर राज्यांतून कोण पुढे येते, याची वाट पाहते.

आपली सहव्यावसायिक,
एक मराठी बालरोगतज्ज्ञ